सासूबाईंच्या थर्मासमधलं सूप

तुमच्या पत्रातलं म्हणणं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. माहेर कोल्हापूर, सासर सिंगापूर, नवरा तिथल्याच चिनी घरातला. 13वा आठवडा चालू आहे. सासूबाई दर रविवारी थर्मास भरून सूप आणतात आणि तुम्ही तो रिकामा करेपर्यंत समोरून हलत नाहीत. आता त्या ‘आन ताई’ची, म्हणजे गर्भ स्थिर करण्याची, तेरा वनस्पतींची पुडी आणणार आहेत. सातव्या महिन्यापासून मोत्याची भुकटी द्यायची हेही ठरलंय. इकडे आई फोनवर बजावते, "त्यांच्याकडचा एक घोटही घेऊ नकोस." रक्तदाब वाढायचा धोका तपासणीत जास्त दिसला म्हणून डॉक्टरांनी रोज रात्रीची ॲस्पिरिन सुरू केली आहे. आणि खरी भीती तुम्ही पत्राच्या शेवटी दोन ओळींत लिहिली आहे: दिवस गेलेत हे कळायच्या आधी आणि नंतरही डांग ग्वेईच्या सुपाच्या चारपाच वाट्या पोटात गेल्या, त्याचं बाळाला काही झालं असेल का?

तिथूनच सुरुवात करते. नाही, त्या वाट्यांनी काही झालं असेल असं मला वाटत नाही. डांग ग्वेई म्हणजे ओवा, शेपू, कोथिंबीर यांच्या कुळातल्या एका झाडाचं मूळ. पिवळट पांढऱ्या पातळ चकत्या, कडेला तपकिरी रेषा, आणि वास असा की लिफ्टमध्ये कुणाच्या पिशवीत असलं तरी कळावं. औषध म्हणून चिनी वैद्य ते दिवसाला 6 ते 12 ग्रॅम देतात, तेही सलग काही दिवस. घरातल्या चौघांच्या सुपात पडतात दोनतीन चकत्या, त्यातली तुमच्या वाटणीला एक वाटी, आठवड्यातून एकदा. एवढ्याने व्यंग निर्माण झाल्याचा पुरावा नाही. विसाव्या आठवड्याच्या सुमाराला सगळ्यांचीच सविस्तर सोनोग्राफी होते, ती तुमचीही होईल. त्याहून जास्त तपासण्या या कारणासाठी मागू नका.

पण आजपासून ते बंद. ॲस्पिरिनमुळे. डांग ग्वेईत रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या क्रियेत ढवळाढवळ करणारे घटक आहेत. वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या एका बाईचं रक्त हे मूळ सुरू केल्यावर नको तितकं पातळ झाल्याची नोंद 1999 साली वैद्यकीय नियतकालिकात आली, तेव्हापासून आम्ही बाळंतपणं करणाऱ्या रक्त पातळ करणाऱ्या कुठल्याही गोळीबरोबर ते चालू देत नाही. शिवाय गर्भाशयावरचा त्याचा परिणाम दुटप्पी आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यातलं तेल गर्भाशय सैल करतं आणि पाण्यात उतरणारे घटक आकुंचन वाढवतात. सूप म्हणजे पाण्यात उतरवलेलंच. ॲस्पिरिन नसती तरी मी गरोदरपणात ते टाळायलाच सांगितलं असतं, फक्त इतक्या घाईने सांगितलं नसतं.

आता आईचं म्हणणं. मी इथे सिंगापुरात बावीस वर्षं बाळंतपणं करते आहे, आणि ‘चिनी सूप’ या दोन शब्दांवर हो किंवा नाही सांगता येत नाही हे पहिल्या दोनतीन वर्षांतच कळलं. तुमच्या आईला कुणी विचारलं, "मराठी काढा गरोदरपणात चालतो का?" तर ती काय सांगेल? आलं-गवती चहाचा काढा की बाळंतकाढा, हे ती आधी विचारेल. तसंच इथे. एकाच पातेल्यात काही वस्तू जेवण म्हणून पडलेल्या असतात आणि काही औषध म्हणून. पातेलं एकच असल्यामुळे आपल्याला फरक दिसत नाही.

जेवण म्हणून पडणाऱ्यांची काळजी सोडा. काळ्या कातडीची, पांढऱ्या रेशमी पिसांची कोंबडी असेल तर ती आपल्या कडकनाथची लांबची बहीण समजा. हाडंसुद्धा काळी, पण शेवटी कोंबडीच. ‘ह्वाय शान’ नावाच्या पांढऱ्या खडूसारख्या चकत्या म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातकुळीतला कंद. कमळाच्या बिया, लिलीचे कांदे, आलं, वाळवलेल्या संत्र्याची साल, शिताके अळंबी, गाजर, मक्याचं कणीस, सगळं ठीक. ‘छ्येन शी’ लिहिलेली पुडी दिसली तर घाबरू नका, तो न फुलवलेला मखाना आहे. लाल खजूर म्हणतात ती फळं खजूर नव्हेतच, आपल्या बोराची चुलतभावंडं आहेत. गोजीच्या लाल मनुका सुपात मूठभर चालतात, मात्र रक्त पातळ करायच्या वॉर्फरिनवर असणाऱ्यांनी त्याही टाळाव्यात. सुकवलेल्या मालाला टिकण्यासाठी आणि रंगासाठी कधीकधी गंधकाची धुरी दिलेली असते, तेव्हा दहा मिनिटं भिजवून ते पाणी फेकून द्यायचं.

या यादीत एकच अडचण, आणि ती साखरेची. लाल बोरं आणि लाँगन फळं उकळून केलेला चहा दिवसभर पाण्यासारखा प्यायचा अशी पद्धत आहे, आणि वर त्यात खडीसाखर पडते. सिंगापुरात साधारण दर पाच गरोदर बायकांत एकीला गरोदरपणातला मधुमेह निघतो. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांदरम्यान तुमची साखरेची तपासणी होईल. तोवर हा चहा रोजचा करू नका. गंमत म्हणजे लाँगन गरोदरपणात ‘हीटी’ म्हणून खुद्द चिनी आज्याच नको म्हणतात. उष्ण-थंडाचा हा हिशोब आपल्याला समजावून द्यावा लागत नाही. आपल्याकडे पपई आणि तीळ, त्यांच्याकडे अननस आणि खेकडा.

बार्लीचं प्रकरण मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात आपल्या बायका हटकून गोंधळतात. आपल्याकडे पाय सुजले, लघवीला जळजळ झाली की गरोदर बाईला बार्लीचं पाणी देतात. सिंगापुरात त्याच नावाचं पाणी हॉकर सेंटरमधल्या कुठल्याही पेयांच्या टपरीवर मिळतं, आणि पोट दिसणाऱ्या बाईने ते मागितलं तर टपरीवाली मावशी स्वतःच हात आडवा करते: "नो नो, बेबी!" दोघीही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण धान्यं दोन आहेत. चिनी वैद्यकात गरोदरपणी टाळायला सांगितलेली ‘यी मी’ म्हणजे बार्ली नव्हेच. आपल्याकडे वैजयंतीची माळ ज्या कडक चकचकीत मण्यांची करतात, त्याच गवताच्या खाण्याजोग्या जातीचे सोललेले दाणे म्हणजे यी मी. उंदरांवरच्या प्रयोगांत तिच्या अर्काने गर्भाशयाची आकुंचनं वाढली आणि गर्भ दगावले. माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही, पण नऊ महिने ती न खाण्याने कुणाचं काही अडत नाही. नेहमीची बार्ली दुकानात ‘यांग यी मी’, म्हणजे परदेशी यी मी, म्हणून विकली जाते. या नावातच सगळा घोटाळा आहे. हातावर दोन्ही घेऊन बघा: बार्लीचा दाणा लहान आणि त्यावर बारीक काळसर रेघ, यी मीचा दाणा जवळजवळ दुप्पट, खडूसारखा पांढरा आणि पोटाला रुंद खोबण. बार्ली खुशाल प्या. टपरीवरच्या पेल्यात कुठली आहे हे मात्र विचारूनच.

आणखी एक लाल गोष्ट. ‘होंग हुआ’ म्हणजे करडईच्या पाकळ्या, आपल्या सोलापूरकडच्या करडईच्याच. चिनी औषधशास्त्रात ती रक्त ‘चालतं’ करणारी, आणि गरोदरपणात जपून वापरायच्या यादीतली. तुमच्या सुपात ती येणार नाही, सासूबाईंना ते पक्कं माहीत असेल. पण केशर म्हणून बाजारात जे स्वस्तात मिळतं त्यात करडईच्या पाकळ्यांची भेसळ असते. तेव्हा दुधात घालायला कुणी गावाकडून केशराची डबी पाठवली तर ती आधी नीट बघा: केशराचा तंतू एका टोकाला तुतारीसारखा रुंदावतो, करडईची पाकळी नळीसारखी असते आणि टोकाला फाटलेली दिसते.

वर ‘जपून वापरायची यादी’ म्हणाले, तिच्याबद्दल थोडं. आपला समज असा की चिनी लोक गरोदरपणी वाट्टेल ते खातात आणि आपण तेवढे सोवळे. प्रत्यक्षात त्यांच्या वैद्यकात गरोदरपणी काय वर्ज्य याच्या यमक जुळवलेल्या जुन्या कविता आहेत, शिकाऊ वैद्य त्या पाठ करत. आजच्या चिनी औषधसंहितेतही अशा औषधांखाली गरोदर बाईला ‘वर्ज्य’ की ‘जपून’ हे छापलेलं असतं. वर्ज्यमध्ये कस्तुरी, जळवा, जमालगोटा. जपूनमध्ये पीचच्या बिया, रेवाचिनीच्या जातीचं मूळ, मोठी दालचिनी. आपल्या आघाड्याचा एक भाऊबंदही त्यांच्याकडे गरोदरपणी टाळण्याच्या औषधांत आहे. सासूबाईंशी बोलताना याचा उपयोग होतो. "डॉक्टर म्हणतात सूप वाईट" म्हणालात तर भांडण, "मा, मी रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर आहे, मग रक्त चालतं करणारं औषध वर आणखी कसं घेऊ?" म्हणालात तर त्यांच्याच शास्त्राचा प्रश्न. डांग ग्वेई वर्ज्य यादीत नाही म्हणून त्या बिनधास्त असतील. पण ते रक्ताला पोसणारं आणि चालवणारं, दोन्ही आहे हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

तेरा वनस्पतींची पुडी. हिला आमच्याकडच्या बायका ‘शी सान ताई बाओ’ म्हणतात, आणि हीच मला सगळ्यात जास्त खटकते. तुमच्या सासूबाईंच्या आईने ती घेतली असेल, त्यांनीही घेतली असेल, आणि मुलं धडधाकट झाली. म्हणून विश्वास. बहुतेक पुड्यांत डांग ग्वेई, त्याची साथीदार च्वान श्योंग ही मुळी, हुआंग ची नावाचं मूळ, ज्येष्ठमध, आणि दवण्याच्या कुळातली आय ये ही पानं असतात. हे सूप नाही, औषध आहे. तैवानमधला एक मोठा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. तैपेईमधल्या 14 हजारांहून अधिक बाळंतपणांची त्यात नोंद होती. पहिल्या तीन महिन्यांत आन ताईचे काढे घेतलेल्या आयांच्या मुलांत हाडं-स्नायू आणि डोळ्यांची व्यंगं, आणि हुआंग ल्यान हे कडू मूळ घेतलेल्यांत मज्जासंस्थेची व्यंगं, थोडी जास्त आढळली. हा पुरावा निर्णायक नाही, कारण हे काढे घेणाऱ्यांत रक्तस्राव झालेल्या, आधी गर्भपात झालेल्या बायकाही असतात आणि दोष कशाचा हे वेगळं काढणं अवघड. पण दुसऱ्या बाजूला फायद्याचा पुरावाही तितकाच लंगडा आहे. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. तो दोष गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेला असतो, कुठलीही मुळी त्यात बदल करत नाही. आणि तुमचा गर्भ तर स्थिरच आहे, तेराव्या आठवड्यात ठोके दिसले आहेत. ज्याला आधार लागत नाही त्याला टेकू कशाला?

जिनसेंगवर फार वेळ घालवत नाही. नको. त्यातल्या एका घटकाने उंदराच्या भ्रूणावर प्रयोगशाळेत दुष्परिणाम दिसल्याचं हाँगकाँगच्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं. त्यात वापरलेली मात्रा मोठी होती हे मान्य, पण साखर आणि रक्तदाब या दोन्हींशी खेळणारं मूळ गरोदरपणात घेण्याचं कारण मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

ज्येष्ठमधाकडे मात्र लक्ष द्या, कारण ते दोन्हीकडून येतं. चिनी पुड्यांत ते ‘गान त्साओ’ म्हणून जवळजवळ सर्वत्र असतं, आणि आपल्याकडे घसा बसला की आई ज्येष्ठमधाची कांडी चघळायला देते. त्यातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटवतं, रक्तदाब चढवतं. वारेत एक विकर असतं, जे आईच्या शरीरातलं तणावाचं संप्रेरक बाळापर्यंत पूर्ण ताकदीने पोचू देत नाही. ग्लिसरायझिन नेमकं त्या विकरालाच अडवतं. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या फार खातात. तिथे गरोदरपणात आठवड्याला 500 मिलिग्रॅमहून जास्त ग्लिसरायझिन पोटात गेलेल्या आयांची मुलं पुढे शाळकरी वयात बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली, आणि तिथल्या सरकारी आहारसल्ल्यात गरोदर बायकांनी ज्येष्ठमध जास्त खाऊ नये असं आता स्पष्ट म्हटलं आहे. सुपातला एखादा तुकडा म्हणजे ती मात्रा नव्हे. पण तुमचा रक्तदाब आधीच नजरेखाली आहे, म्हणून तुम्हाला नको. कांडीही नको.

बाहेर जेवताना ‘बाक कुट तेह’, म्हणजे डुकराच्या बरगड्यांचं सूप, आवडत असेल तर एवढं ध्यानात ठेवा: सिंगापुरात चालणारी तेओच्यू पद्धत म्हणजे मिरी आणि लसूण, खुशाल खा. मलेशियातल्या क्लांगची काळी, औषधी वासाची पद्धत डांग ग्वेई, च्वान श्योंग घालून केलेली असते. नाव एकच, वाडगे दोन. चोवीस वनस्पतींचा ‘कूलिंग’ चहा आणि कासवाची जेली यांत काय काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, तेवढ्याच कारणासाठी ते टाळा.

पक्ष्याच्या घरट्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण ते येणार. दुसऱ्या तिमाहीत येतं, लाल डब्यात, आणि डब्याची किंमत ऐकून तुम्हाला नाही म्हणायचा धीर होणार नाही. पाकोळीच्या जातीचा पक्षी लाळेने घरटं बांधतो, ते स्वच्छ करून साखरेच्या पाण्यात वाफवतात. बाळाला अपाय नाही, फायदाही मला माहीत नाही. पण ज्याने आयुष्यात कधी खाल्लेलं नाही त्याने पहिल्यांदा गरोदरपणात खाऊ नये, कारण याची ॲलर्जी जोरदार येते. इथल्या मुलांमधल्या, अन्नामुळे येणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीच्या 1990 च्या दशकातल्या एका पाहणीत घरटं शेंगदाण्याच्याच नव्हे, सगळ्यांच्याच वर होतं. 2011 मध्ये चीनने मलेशियाहून आलेल्या लालसर ‘रक्तघरट्यां’त नायट्राइट फार निघाल्यामुळे आयात थांबवली होती. तेव्हा लाल घरटं तर मुळीच नको. सासूबाईंना म्हणा, बाळ झाल्यावर खाईन. वस्तू टिकाऊ आहे.

मोत्याची भुकटी गोऱ्या बाळासाठी. हे वाचून तुम्ही हसला असाल, पण आपल्या केशर-दुधामागेही हेच आहे ना? मोती म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. कॅल्शियमच हवं असेल तर गोळी आहे, तिच्यावर मात्रा लिहिलेली असते आणि जड धातूंची तपासणी झालेली असते. सुट्या भुकटीची खात्री नाही. बाळाचा रंग आईवडिलांच्या जनुकांतून येतो. तुमच्या घरात तर छान सरमिसळ होणार आहे, त्यात भुकटी टाकून काय बदलणार?

धातूंवरून आईलाही एक निरोप. 2011-12 मध्ये न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याला सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं. त्या भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. चिनी पुडीत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज, असू शकतो, तसा आपल्या भस्म-रसायनांतही शिसं-पारा असू शकतो. तेव्हा "त्यांचं घेऊ नकोस, मी पाठवते ते घे" हा तोडगा नाही. माझा नियम दोन्ही माहेर-सासरांना सारखा आहे: भाजीच्या दुकानात मिळतं आणि डोळ्यांना ओळखू येतं ते पातेल्यात, भुकटी, गोळी, पुडी होऊन येतं ते आधी माझ्या टेबलावर.

भुकटीवर माझा एवढा राग का, तर ओळखायची सोय जाते म्हणून. बेल्जियममध्ये 1990 च्या सुमाराला वजन उतरवण्याच्या गोळ्यांत ‘हान फांग जी’ नावाचं मूळ घालायचं होतं. पडलं ‘ग्वांग फांग जी’. नावात एका शब्दाचा फरक. दुसरं मूळ आपल्या सापसंदाच्या कुळातलं, त्यातल्या आम्लाने मूत्रपिंडं वाळून जातात. शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं गेली, पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. सिंगापूरने 2004 मध्ये हे आम्ल असलेल्या वनस्पतींवर बंदी आणली. आपल्याकडचं सापसंदही जुन्या काळी गर्भ पाडायला देत असत, हे तुमच्या आजीला विचारलंत तर ती दबक्या आवाजात सांगेल.

आता पुढचं. हुआंग ल्यान, म्हणजे फोडल्यावर हळदीसारखं पिवळंधमक दिसणारं कडूजहर मूळ. ते गरोदरपणी नको हे वर आलंच, पण त्याची खरी गोष्ट जन्मानंतरची आहे. नवजात बाळाच्या पोटातली ‘उष्णता’ काढायला त्याच्या पाण्याचे थेंब चाटवायची पद्धत होती. त्याच काळात सिंगापुरात कितीतरी बाळांना तीव्र कावीळ होऊन मेंदूला इजा व्हायची. वाँग हॉक बून नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी त्याचा छडा लावला: दक्षिण चिनी लोकांत जी6पीडी या विकराची कमतरता बरीच आढळते, अशा बाळांच्या लाल पेशी काही पदार्थांनी पटापट फुटतात. हुआंग ल्यानमधलं बर्बेरीन वर आणखी भर घालतं, रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं, कावीळ करणारं बिलिरुबिन मोकळं करून. 1965 पासून इथे जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या नाळेतल्या रक्ताची जी6पीडीसाठी तपासणी होते, आणि 1978 मध्ये बर्बेरीनवाल्या वनस्पतींवर बंदी आली. ती पुढे बऱ्याच वर्षांनी उठली. म्हणजे आज ते मूळ दुकानात मिळतं. बाळाला नको, आणि बाळ अंगावर पीत असेल तर तुम्हालाही नको. आपली दारुहळद बर्बेरीनवालीच, तीही त्याच रांगेत.

ही कमतरता एक्स गुणसूत्रावरून येते. नवऱ्याला असेल तर मुलीत उतरते, मुलात नाही. नवऱ्याला विचारा, त्याच्या लहानपणीच्या आरोग्य-पुस्तिकेत लिहिलेलं असेल. आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत कोल्हापूरहून आलेली गोधडी बाळाच्या अंगावर घालू नका. का? ट्रंकेतल्या डांबरगोळ्या. त्यातलं नॅप्थलीन अशा बाळांच्या पेशी फोडतं, नुसत्या वासानेही. माझ्या पाहण्यातल्या एका मराठी घरात नेमकं हेच झालं. चिनी औषधांची सगळी पथ्यं पाळली आणि बाळ पिवळं पडलं ते आजीच्या मऊसूत गोधडीने. फोटोथेरपीवर बरं झालं. गोधडी धुऊन चार दिवस कडक उन्हात टाकली तरी मी ती तेव्हा नकोच म्हणेन.

बाळंतपणानंतरचा त्यांचा महिना म्हणजे आपल्या सव्वा महिन्याची जुळी बहीण. केस धुवायचे नाहीत, वारा लागू द्यायचा नाही, साधं पाणी प्यायचं नाही. आलं घालून व्हिनेगरमध्ये केलेलं डुकराच्या पायाचं कालवण, तिळाच्या तेलातली कोंबडी, सिझेरियन झालं तर मरळीच्या जातीच्या माशाचं सूप. खा सगळं, त्यात प्रथिनं भरपूर. पण साधं पाणी प्या. आणि तांदळाची दारू: अर्धा तास उकळल्यावरही तिच्यातलं साधारण एक तृतीयांश अल्कोहोल शिल्लक राहतं, तेव्हा "शिजवली की उडून जाते" हे खरं नाही. दोनअडीच तास रटरटू द्या किंवा दारूच घालू नका.

‘शंग हुआ’ काढा नावाचं एक प्रकरण प्रसूतीनंतर लगेच येतं, गर्भाशय साफ करायला. त्यात पुन्हा डांग ग्वेई, च्वान श्योंग, पीचच्या बिया. माझी एक बाळंतीण सिझेरियननंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपरिनच्या इंजेक्शनवर होती. घरी गेल्यावर पाचव्या दिवशी परत आली, पॅड तासातासाला भरत होतं. मदतनीस बाई दिवसातून तीनदा काढा देत होती. आणि हिने आम्हाला सांगितलं नाही कारण आम्ही विचारलं नाही. आम्ही विचारलं होतं, "काही औषधं घेता का?" ती म्हणाली, नाही. काढा तिच्या लेखी औषध नव्हता. तेव्हापासून मी विचारते, "थर्मासमध्ये काय असतं?"

सासूबाईंचं रविवारचं येणं बंद करू नका. मळमळ अजून असेल तर त्यांच्याकडून आल्याचं सूप मागून घ्या. दिवसाला ग्रॅमभर सुंठीइतक्या आल्याचा उपयोग होतो हे अभ्यासांतही दिसलंय, आणि कुणीतरी आपल्यासाठी चार तास मंद आचेवर काहीतरी ठेवलंय हे परदेशी थोडं नाही. त्यांना पुडीच आणायची असेल तर नोंदणीकृत चिनी वैद्याकडे तुमच्यासकट जा. इथे 2000 सालच्या कायद्याने त्यांची नोंदणी होते. ॲस्पिरिन चालू असल्याचं त्याला सांगितलंत तर तो बहुधा स्वतःच हात राखेल. आणि पुडीचा फोटो काढताना इंग्रजी अक्षरांतलं नाव नको, चिनी लिपीतलं काढा. डांग ग्वेई, डोंग क्वाय, तांग क्वी, ही तीन लेबलं एकाच मुळाची आहेत.

किंवा सरळ पुढच्या तपासणीला सासूबाईंनाच पिशवी घेऊन डॉक्टरांकडे चला म्हणावं. मला बावीस वर्षांत ती लिपी वाचता आलेली नाही. माझ्याकडे येणाऱ्या आज्या एकेक चकती टेबलावर मांडून नाव वाचून दाखवतात, मी हो-नाही करते, आणि नको म्हटलेल्या चकत्या त्या गुपचूप पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात टाकतात, बाळंतपणानंतर लागतील म्हणून.